कामगारांची सुरक्षितता : उतरंड उलटी लागता कामा नये

भंडारा शहराजवळील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास स्फोट झाला. एलटीपीई विभागाच्या इमारतीचे छत कोसळले आणि आत काम करणारे कामगार ढिगाऱ्याखाली सापडले. त्या दिवशी आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्येही याच कारखान्यातील स्फोटात एका कामगाराला प्राण गमवावे लागले होते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ, तर धामणा येथे १३ जून २०२४ रोजी आणखी काही कामगार बळी पडले. या दोन्ही ठिकाणी मृतांमध्ये महिला कामगारांची संख्या मोठी होती.

प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, नुकसानभरपाई जाहीर होते आणि दोष कोणाचा, यावर चर्चा झडते. त्या चर्चेत मागे पडणारा प्रश्न असा की, अपघात घडण्यापूर्वी मालकाने नेमके काय करावयाचे असते? सुरक्षितता म्हणजे हेल्मेट, बूट, भिंतीवरील सूचनाफलक आणि ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ, अशी समजूत सर्वत्र दिसते. सुरक्षाशास्त्रात मात्र या गोष्टींचा क्रमांक शेवटचा आहे.

उपायांची उतरंड

धोक्यापासून कामगाराचे रक्षण करण्याचे उपाय जगभर एका ठरावीक क्रमाने मांडले जातात. पहिला उपाय, धोका मुळातच काढून टाकणे. दुसरा, अधिक धोकादायक वस्तूच्या जागी कमी धोकादायक वस्तू वापरणे. तिसरा, यंत्ररचनेत बदल करून माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा, अंतर किंवा जाळी उभी करणे. चौथा, कामाची पद्धत, वेळ, प्रशिक्षण आणि देखरेख यांद्वारे धोका कमी करणे. आणि पाचवा, हेल्मेट, हातमोजे, मास्क यांसारखी वैयक्तिक संरक्षक साधने.

या क्रमामागे साधे कारण आहे. पहिले तीन उपाय कामगाराच्या सावधपणावर अवलंबून नसतात. फिरत्या पट्ट्याला जाळी असेल, तर झोपेने पेंगुळलेल्या कामगाराचाही हात आत जात नाही. शेवटचे दोन उपाय मात्र माणसाने दर वेळी, दर पाळीत, थकलेला असतानाही न चुकता पाळले तरच उपयोगी पडतात. माणूस चुकतो, हे गृहीत धरूनच कामाची जागा रचली गेली पाहिजे. 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढ्या शेऱ्यावर चौकशी संपते, तेव्हा त्या निष्काळजीपणाची किंमत जीव देऊन चुकवावी लागेल अशी जागा कोणी रचली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

व्यवहारात ही उतरंड बहुधा उलटी लागते. शंभर हेल्मेट विकत घेणे स्वस्त आणि दाखवायला सोपे असते. यंत्राची मांडणी बदलणे, उत्पादन काही काळ थांबवणे हे खर्चाचे काम असते. म्हणून मालकाची खरी परीक्षा, कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट ठेवण्यापूर्वी त्याने कोणकोणते उपाय योजले, यावरच व्हावयास हवी.

स्फोटके : माणसे कमी, माल कमी, वेळ कमी

स्फोटकांच्या उद्योगात धोका संपूर्णपणे काढून टाकता येत नाही, कारण स्फोटक हाच तेथील माल असतो. त्यामुळे या उद्योगाने एक मूलभूत तत्त्व स्वीकारले आहे : कमीत कमी माणसे, कमीत कमी स्फोटकाच्या सान्निध्यात, कमीत कमी वेळ असावीत. प्रत्येक इमारतीत एका वेळी किती माणसे आणि किती किलो माल असू शकेल, याची मर्यादा ठरलेली असते व ती दारावर लिहिलेली असते. एका इमारतीतील स्फोट दुसरीपर्यंत पोहोचू नये म्हणून इमारतींमध्ये अंतर ठेवतात आणि मातीचे उंच बांध घालतात.

स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी सुती कपडे, वीज जमिनीत उतरवणारी पादत्राणे व फरशी, ठिणगी न पाडणारी अवजारे आणि हवेतील आर्द्रतेवर नियंत्रण या बाबीही आवश्यक असतात. मात्र मिश्रण, दाब देणे किंवा कापणे यांसारखी सर्वांत धोक्याची कामे भिंतीपलीकडून, दूरनियंत्रणाने करणे हा त्याहून वरच्या पायरीचा उपाय आहे. ठिणगी पडलीच, तर त्या खोलीत माणूस नसावा, हा त्यामागील विचार.

भरणी आणि पॅकिंगच्या कामात हे तत्त्व सर्वाधिक पणाला लागते. या कामाला हात पुष्कळ लागतात, मजुरी कमी असते आणि म्हणून अनेक कामगार, त्यातही महिला, एकाच छताखाली तयार मालाच्या शेजारी बसतात. उत्पादनाची घाई वाढली की मालाची रास आणि माणसांची संख्या दोन्ही नकळत वाढतात. दारावरील मर्यादा पाळली जाते की नाही, हे पाहणारा अधिकारी उत्पादन विभागाच्या हाताखालचा नसावा, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

साठा कमी ठेवण्याचा धडा देशाला भोपाळने फार मोठी किंमत घेऊन दिला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ज्या मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली, तो तयार माल नव्हता, तर कीटकनाशक बनवताना लागणारा मधला पदार्थ होता. तो टाक्यांमध्ये टनावारी साठवून ठेवलेला होता. साठाच नसता, तर गळतीला वावच उरला नसता. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे, सुरक्षा समितीत त्यांना स्थान देणे आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा त्यांचा हक्क मान्य करणे, या तरतुदी त्या दुरुस्तीने आल्या.

मँगेनीजच्या खाणी : दिसणारा आणि न दिसणारा धोका

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगेनीजच्या खाणी 'मॉइल' या सार्वजनिक कंपनीकडे आहेत. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आहे, तर चिखला येथे भूमिगत काम चालते. दोन्हींतील धोके वेगळे आहेत.

भूमिगत खाणीत छत हाच सर्वांत मोठा शत्रू असतो. सुरुंग उडवल्यानंतर सैल झालेले दगड लांब सळईने पाडून घेणे, छताला आधार व बोल्ट देणे आणि आधार दिलेल्या भागापुढे कोणालाही जाऊ न देणे, हा क्रम मोडला की अपघात ओढवतो. उघड्या खाणीत पायऱ्यांची उंची व उतार मर्यादेत ठेवावा लागतो. मागे येणारे डंपर ही तेथील दुसरी मोठी अडचण. भोंगा व आरसा उपयुक्त आहेतच, परंतु पायी चालणाऱ्यांची वाट आणि वाहनांचा रस्ता वेगळा आखणे हा त्याहून भक्कम उपाय होय.

न दिसणारा धोका धुळीचा आहे. खडकातील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो व तो बरा होत नाही. मँगेनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. चालण्यात अडखळणे, हात कापणे, चेहरा निर्विकार होणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसतात. स्कॉटलंडमधील जॉन कूपर या वैद्यकाने १८३७ मध्येच मँगेनीज दळणाऱ्या कामगारांमधील या विकाराची नोंद केली होती. भारतीय कायद्यानेही मँगेनीजची विषबाधा व सिलिकोसिस यांना सूचनीय व्यावसायिक रोग मानले आहे. म्हणजे रुग्ण आढळल्यास त्याची माहिती शासनाच्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.

धुळीवरचा पहिला उपाय मास्क नव्हे, पाणी होय. कोरड्याऐवजी ओले छिद्रण, रस्त्यांवर व दगड फोडण्याच्या ठिकाणी फवारा, भूमिगत भागात पुरेसे वायुवीजन यांनी धूळ हवेत जाण्याआधीच रोखली जाते. मास्क त्यानंतर येतो. नियमित वैद्यकीय तपासणीही तेवढीच महत्त्वाची आहे. हे रोग काम सोडल्यानंतरही उमटू शकतात, म्हणून तपासणीची कागदपत्रे कामगाराच्या हाती असणे आवश्यक ठरते.

राइस मिल : घरगुती वाटणारा कारखाना

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. धानाची भरडाई करणाऱ्या राइस मिल गावोगावी आहेत. मालक, मुकादम आणि हमाल एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखतात. या ओळखीमुळेच तेथील यंत्रे धोकादायक वाटेनाशी होतात.

मिलमधील पहिला धोका पट्टे, पुली आणि फिरत्या दांड्यांचा. धोतर, साडीचा पदर, गळ्यातील दुपट्टा क्षणात ओढला जातो. कायमची बसवलेली जाळी हाच त्यावरचा उपाय. दुरुस्तीसाठी जाळी काढल्यास ती पुन्हा बसवल्याशिवाय यंत्र सुरू न करण्याची शिस्त हवी. एलिव्हेटरमध्ये धान अडकले की चालू यंत्रात हात घालण्याची सवय अनेकांना असते. यंत्र बंद करावे, मुख्य स्विचला कुलूप लावावे आणि त्याची चावी जो दुरुस्ती करतो आहे त्याच्याच खिशात असावी, या साध्या नियमाने कितीतरी बोटे आणि हात वाचू शकतात. कुलूप आणि चावी यांचा खर्च काही शे रुपयांहून अधिक नाही.

दुसरा धोका साठवणुकीचा. मोठ्या कोठीतून खालून धान काढले जात असताना वर उभा असलेला माणूस काही सेकंदांत आत ओढला जातो आणि गुदमरतो. खालचे दार बंद केल्याशिवाय, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि दोर धरणारा दुसरा माणूस बाहेर असल्याशिवाय कोणीही कोठीत उतरू नये. उसना तांदळासाठी धान भिजवण्याच्या टाक्या, खड्डे व विहिरी यांत हवा दूषित असू शकते. अशा ठिकाणी एक बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातील अनेक जण दगावतात. आधी हवा खेळती करणे, तिची तपासणी करणे आणि दोराशिवाय न उतरणे हाच मार्ग आहे.

गोदामात कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. धुरीकरण चालू असता गोदामाला कुलूप आणि दारावर ठळक सूचना हवी, गोदाम पूर्ण हवेशीर होईपर्यंत हमालांना आत पाठवू नये. पोत्यांच्या उंच थप्पी सरळ रचल्या की कोसळतात. पोती सांधे मोडून, एकमेकांत गुंतवून रचावीत आणि थप्पीच्या पायथ्यापासून पोते ओढू नये. उसना मिलमधील बॉयलर हा आणखी वेगळा विषय. त्याची नोंदणी, मुदतीत तपासणी आणि प्रमाणित चालक या बाबींना पर्याय नाही.

विडी, शेत आणि ऊन

जिल्ह्यातील श्रमिकांचा फार मोठा भाग कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. घरी विडी वळणाऱ्या स्त्रियांचे काम कोणत्याही कारखान्यात होत नाही. तंबाखूची धूळ घरातच उडते, तान्ही मुले तिथेच खेळतात आणि तासन्‌तास एकाच बैठकीत राहिल्याने पाठ व मान धरते. ज्याच्यासाठी विडी वळली जाते त्या उत्पादकाने तंबाखू ठेवण्यासाठी झाकणाचे डबे देणे, गावात हवेशीर सामाईक शेड उभारणे आणि आरोग्य तपासणी करणे या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत.

रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीत, पाण्यात उभ्या असलेल्या मजुरांना विजेचा धोका असतो. गडगडाट ऐकू येताच काम थांबवून पक्क्या इमारतीत जाणे, झाडाखाली न थांबणे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर न पडणे, हे नियम सर्वमान्य आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. तथापि सूचना मिळून उपयोग नाही, जर काम थांबवल्यास मजुरी कापली जाणार असेल. थांबलेल्या वेळेची मजुरी देणे हाही सुरक्षेचाच उपाय आहे.

उन्हाळ्यात विदर्भातील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वीटभट्ट्या, रस्त्याची कामे, तेंदूपाने गोळा करणे आणि भट्टीजवळचे काम यांत उष्माघाताचा धोका मोठा असतो. कामाच्या वेळा पहाटे व सायंकाळी ठेवणे, दुपारी सावलीत सक्तीची विश्रांती, कामाच्या जागी थंड पाणी आणि नव्या कामगाराला पहिले काही दिवस हलके काम, या चार गोष्टींनी तो पुष्कळच कमी होतो. उन्हाची सवय शरीराला हळूहळू होते. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात काढणारा नवा मजूर सर्वाधिक धोक्यात असतो.

कायदा काय सांगतो

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कारखाने, खाणी, बांधकाम, कंत्राटी कामगार, विडी कामगार आदींविषयीचे १३ जुने कायदे तिच्यात एकत्र करण्यात आले आहेत. संहितेनुसार इजा किंवा व्यावसायिक रोग उद्भवेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत. विहित वर्गातील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करावयाची आहे आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावयाचे आहे. नेमणूकपत्राचा संबंध सुरक्षेशी थेट आहे. ज्याची नोंदच नाही त्याला अपघातानंतर भरपाई मिळवणे अवघड जाते.

सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट कारखान्यात ५००, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० आणि खाणीत १०० कामगारांपासून लागू होते. मालकाच्या कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मात्र मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. संहिता साधारणतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी आता २० कामगारांची अट आहे. पूर्वीच्या अधिनियमात ती दहाची होती. परिणामी अनेक लहान मिल कारखान्यांसाठीच्या विशेष तरतुदींतून सुटतात, शेतमजूर तर जवळजवळ पूर्णच बाहेर राहतो. पुलीला कामगारांची संख्या मोजता येत नाही. कायदा जिथे थांबतो तिथे मालकाची नैतिक जबाबदारी सुरू होते, असेच म्हणावे लागेल.

कंत्राटी कामगार आणि टळलेले अपघात

सर्वांत धोक्याचे काम पुष्कळदा सर्वांत नवख्या आणि सर्वांत कमी हक्क असलेल्या माणसाकडे जाते. कंत्राटदाराने सकाळी आणलेला मजूर यंत्र ओळखत नाही आणि 'हे काम मी करणार नाही' असे म्हणण्याची त्याची परिस्थिती नसते. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयींची जबाबदारी संहितेने मूळ मालकावर टाकली आहे. सुरक्षेबाबतही तोच दृष्टिकोन हवा. प्रशिक्षण, साधने आणि काम थांबवण्याचा अधिकार कायम व कंत्राटी अशा दोघांना सारखाच असावा.

अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्ये मांडले की, एका गंभीर अपघातामागे अनेक किरकोळ अपघात आणि त्याहून कितीतरी अधिक थोडक्यात टळलेले प्रसंग असतात. त्यांनी दिलेल्या आकड्यांच्या प्रमाणावर पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु टळलेला अपघात ही पूर्वसूचना असते, हे आज सर्वमान्य आहे. ती सूचना मालकापर्यंत पोहोचते ती सांगणाऱ्याला शिक्षा होणार नसेल तरच. दंडाच्या भीतीने दडवलेला किरकोळ अपघात पुढे मोठ्या अपघाताच्या रूपाने प्रकट होतो.

मालकाने स्वतःला विचारावयाचे प्रश्न

- या कामातील सर्वांत धोक्याची पायरी कोणती? ती माणसाविना किंवा कमी माणसांत होऊ शकते का?
- धोकादायक माल आजच्या गरजेपुरताच येथे आहे की सोयीसाठी साठवला आहे?
- प्रत्येक फिरत्या भागाला जाळी आहे का आणि ती आज जागेवर आहे का?
- दुरुस्तीच्या वेळी स्विचला कुलूप लागते का? चावी कोणाकडे असते?
- बंदिस्त जागेत उतरण्यासाठी लेखी परवानगी, दोर आणि बाहेर दुसरा माणूस आहे का?
- आणीबाणीत बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे का? शेवटचा सराव कधी झाला?
- काल आलेल्या कंत्राटी मजुराला त्याच्या भाषेत धोका समजावून सांगितला आहे का?
- कामगाराने धोका ओळखून काम थांबवले, तर त्याची मजुरी कापली जाते का?
- गेल्या महिन्यात टळलेल्या अपघातांची नोंद आहे का? तिच्यावरून काय बदलले?

या यादीत हेल्मेटचा उल्लेख नाही. हेल्मेट आवश्यक आहेच, परंतु वरील प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतर उरणाऱ्या धोक्यासाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे श्रमाच्या मूलभूत तत्त्वांमध्ये समाविष्ट केले. जवाहरनगरच्या निर्माणीत, चिखल्याच्या खाणीत वा एखाद्या खेड्यातील मिलमध्ये पाळीवर गेलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या तत्त्वाचा अर्थ एवढाच, की त्याने संध्याकाळी धडधाकट घरी परतावे. ते त्याच्या नशिबावर किंवा निव्वळ सावधपणावर सोपवता येणार नाही.